कपड्यांच्या मागावर कच्छमध्ये

रविवार : भूज

गांधीधाम मागे पडलं तेव्हा उजाडलं. खिडकीबाहेर मैलोन् मैल एकच झुडूप. "वेडी बाभूळ," आत्या म्हणाली. "इथले लोक गांडो बावळ म्हणतात. रणाचा खार पुढे सरकू नये म्हणून साठच्या दशकात वनखात्याने बन्नीच्या गवताळ पट्ट्यात लावली. आता तीच आवरेना."

आत्या कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाली. माझं पुण्यात कपडे शिवून विकायचं छोटंसं काम आहे. मला कापड कळतं, तिला झाडं कळतात, आणि कच्छमध्ये ही दोन्ही माणसं एकाच रिक्षात असलेली बरी.

माझ्याकडे येणाऱ्या बायका 'काहीतरी कच्छी' मागतात. म्हणजे आरसे, गोंडे आणि अजरखसारखं, म्हणजे इथल्या ठसेछपाईच्या कापडासारखं, दिसणारं काहीही. तेवढ्यासाठी इतक्या लांब यायला नको, नक्षी तर फोनवर मिळते. मला बघायचं होतं ते वेगळं: हे कपडे कोण घालतं, काय काम करताना घालतं, बाही एवढी घट्ट का आणि घेर एवढा मोठा का. माझ्या मते फॅशनमधलं बरंचसं उसनं काम फसतं ते इथेच. बुट्टी उचलली जाते आणि तिच्यामागचं कारण तिथेच राहतं.

दुपारी वाणियावाडच्या बाजारात गेलो. एका दुकानदाराने 'असली अजरख' म्हणून पॉलिएस्टरची साडी उलगडली. मी ती उलटी केली. मागून पांढरी फटक. तो हसला, मीही हसले, आणि त्याने आतून सुती ठाण काढलं. बांधणीवाल्याकडे मात्र बरं वाटलं. तिथे ओढणी गाठी न सोडताच विकायची रीत आहे. सगळं कापड चुरगळलेलं, लाखभर दाणे उभे असल्यासारखं. पसंत पडली की दोघांनी दोन टोकं धरून खेचायचं. टर्रर्र करत गाठी सुटतात आणि ठिपके उघडे पडतात. मी एक तशीच गाठींसकट घेतली. त्या चुण्यांना जी उसळी आहे तिचा बाहीला उपयोग होईल. इस्त्री करणाऱ्याला फक्त बजावून ठेवावं लागेल.

संध्याकाळी दाबेली. मूळ मांडवीची. आत्याचं मत असं की पुण्यातली जास्त गोड असते. या वादात मी पडत नाही.

सोमवार : भुजोडी, कुकमा

भुजोडी भूजपासून जेमतेम आठ किलोमीटर. इथल्या वणकरांच्या घरी माग जमिनीत असतो: खड्ड्यात पाय सोडून बसायचं, खाली पावड्या, समोर धोटा. आम्ही गेलो तेव्हा अंगणात उभ्या धाग्यांना खळ लावायचं काम चाललं होतं. खळ गव्हाच्या पिठाची, आणि त्यात रानकांद्याचा रस. आत्याने लगेच पिशवीतला कांदा उचलून नाकाशी धरला. रानकांदा आपल्याकडेही उगवतो, पण त्याने सूत ताठ करतात हे तिला ठाऊक नव्हतं. पुढचा अर्धा तास तिने वणकरभाईंना कांदा कुठे मिळतो, कधी खणतात, हाताला खाज येते का, असं विचारून भंडावून सोडलं.

मी मागाशी बसले होते. भुजोडीच्या शालीवरची नक्षी कुठल्या यंत्राने उठत नाही. विणताना उभे धागे बोटांनी मोजून उचलायचे आणि त्यातून जादा आडवा धागा घालायचा. चौमुख, ढुंगलो, सतखणी अशी नक्ष्यांची नावं. सगळ्या कोनांच्या. वळणदार वेल यात बसतच नाही, कारण बोट मोजतं ते सरळ रेषेत. कुणी 'भौमितिक सौंदर्यदृष्टी' वगैरे म्हणेल, म्हणोत.

पण मला सगळ्यात आवडली ती एक जुनी लुडी, म्हणजे मेंढपाळ रबारी बायकांची लोकरी ओढणी. माग अरुंद, त्यामुळे हवा तेवढा पन्हा एका वेळी निघत नाही. म्हणून दोन पट्टे विणून मधोमध जोडायचे. हा जोड लपवलेला नव्हता, उलट रंगीत धाग्याने मच्छीकांटा टाका घालून तो मिरवला होता. आमच्याकडे मास्टर जोड दिसला की कावराबावरा होतो. इथे तोच कापडाचा मधला दागिना. वहीत मी दुसरं काही काढलं नाही, फक्त तो जोड.

एका लुडीमागे किती घरं असायची तेही भाईंनी सांगितलं. मेंढ्या रबाऱ्यांच्या, सूत कातणार रबारी बायका, विणणार वणकर, गाठी बांधून रंगवणार खत्री. पैशांचा व्यवहार कमी, धान्य-दूध-लोकरीचा जास्त. आता मेंढीची लोकर बाहेरून येते आणि शाल दिल्ली-मुंबईला जाते, पण काठाची मोजणी तीच राहिली आहे.

गावाबाहेर दोन रबारी बायका भेटल्या. अंगभर काळं, त्यावर लाल ठिपके. हा काळा रंग फार पूर्वीच्या एका शोकाचा आहे असं सांगतात. कथा बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीत राजा वेगळा. मला प्रश्न पडला तो उन्हाचा. वाळवंटात काळं घालून कसं निभतं? सिनाई वाळवंटातल्या बेदुइन या भटक्या अरब लोकांवरचा एक अभ्यास 1980 साली 'नेचर' या नियतकालिकात आला होता. काळा झगा ऊन जास्त शोषतो, पण तो सैल असल्याने ती उष्णता अंगापर्यंत पोचण्याआधीच उडून जाते. आत काळा काय नि पांढरा काय, फरक पडत नाही. म्हणजे प्रश्न रंगाचा नाही, ढिलाईचा आहे. आपल्या शहरातले अंगाला चिकटलेले काळे कुर्ते घालून मे महिन्यात घामाघूम होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्यात माझी गिऱ्हाइकं बरीच येतात.

परत येताना कुकम्याला 'खमीर' या संस्थेत थांबलो. ही मंडळी 'काळा' नावाच्या कपाशीवर काम करत आहेत. नाव काळं, पण कापूस पांढराच. बोंड पुरतं उकलत नाही, धागा आखूड. गिरण्यांना लांब धागा हवा होता, त्यामुळे ही देशी जात मागे पडली. पण ती पावसाच्या पाण्यावर येते, तिला कीड फारशी लागत नाही. हातात घेतलं तर कापड थोडं खडबडीत, जाडसर. अशा कापडाला चिमटे घालून कमर काढणं म्हणजे त्याच्याशी भांडण. ते सरळ कापावं आणि सरळ पडू द्यावं.

मंगळवार : अजरखपूर

आजचा दिवस मोठा.

अजरखपूर हे गावच नवं. खत्री छपाईवाले पूर्वीपासून धमडका गावचे. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपाने घरं पाडलीच, पण धमडक्याच्या पाण्याचं रूपही बदलून टाकलं. पाण्यात लोह वाढलं. आपल्याला वाटेल, छपाईला त्याने काय होतं? इथे सगळंच त्याने होतं. लोह म्हणजे या धंद्यात काळा रंग. पाण्यातच लोह असलं की लाल मळतो, निळा मळतो. म्हणून काही कुटुंबांनी पाणी पाहून भूजजवळ नवी वस्ती वसवली. कापड धुवायला पाणी बरं म्हणून गावच हलवणं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

ज्यांच्या कारखान्यात आम्ही गेलो त्या खत्रीभाईंनी सगळा क्रम दाखवला. आधी कापड एरंडेल, सोडा आणि उंटाच्या लेंड्या घातलेल्या पाण्यात मळून ठेवायचं, वाळवायचं, पुन्हा मळायचं. मग हिरड्याचं पाणी. कापड पिवळट होतं. आत्या इथे खुलली. हिरड्यातला टॅनिन पुढच्या रंगांना धरून ठेवतो, हे ती वर्गात शिकवत असे. नंतर चुना आणि डिंकाचा ठसा, म्हणजे जिथे पांढरं राहायला हवं तिथे अडथळा. मग काळ्या रेघांसाठी गंजकं लोखंड. घोड्यांचे नाल, खिळे, भंगार, असं गूळ घालून पिंपात दोन-तीन आठवडे आंबवतात. वर पिवळा फेस, वास असा की आत्यासुद्धा मागे सरकली. त्यात चिंचोक्याचं पीठ घालून शिजवलं की ठशाला धरणारी लापशी तयार. लालसाठी तुरटी. तिचा ठसा उमटतो तेव्हा तिथे काहीच लाल नसतं.

मग नीळ. पिंपातून कापड बाहेर येतं तेव्हा हिरवट असतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. त्यानंतर धुणं, आणि शेवटी मंजिष्ठाच्या उकळत्या कढईत बुडवणं. तुरटीचे ठसे होते तेवढेच तिथे लाल उमटतात. लोखंडाचे काळे राहतात, चुन्याचे पांढरे.

म्हणजे ठसेवाला फारसा रंग लावतच नाही. रंगाने कुठे बसायचं आणि कुठे नाही एवढंच तो आधी ठरवून ठेवतो. सगळं मिळून चौदा-सोळा टप्पे, मधे मधे उन्हात वाळवणं. "ढग आले की आमची सुट्टी," भाई म्हणाले.

नक्ष्यांची नावं मी मुद्दाम विचारली. खारेक, चंपाकळी, रियाल. खारीक इथल्या वाड्यांत पिकते, रियाल समुद्रापलीकडून येणारं नाणं. एका चौकटीत शेत आणि बंदर. इजिप्तमध्ये फुस्तात इथे उत्खननात गुजरातमधून गेलेली अशी ठशांची जुनी सुती कापडं सापडली आहेत, त्यामुळे या व्यापाराला पुरावाही आहे.

आणि मग मुद्द्याची गोष्ट. अजरख मुळात बायकांची नाही. ती गुरं राखणाऱ्या मालधारी पुरुषांची लुंगी, खांद्यावरचं वस्त्र, फेटा. उत्तम अजरख दोन्ही बाजूंनी छापतात, ठशावर ठसा बरोबर बसवून. का, तर गुराखी पहाटे अंधारात उठतो. हाताला लागेल तशी गुंडाळली तरी उलटी व्हायला नको! लुंगीच त्याची झोळी, तीच पांघरूण, तीच सावली, त्यामुळे दोन्ही बाजू दिसतातच. पुढे मालधाऱ्याला स्वस्त सिंथेटिक कापड परवडू लागलं, हातछपाईचं परवडेनासं झालं, आणि अजरख शहरातल्या आमच्यासारख्यांकडे आली. 2003 मध्ये इस्माईल मोहम्मद खत्री यांना इंग्लंडच्या डी माँटफर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. गुराख्याच्या अंगावर मात्र आता ती क्वचितच दिसते.

मी दोन्ही बाजूंनी छापलेलं कापड मागितलं. भाव जवळपास दुप्पट. याचं जॅकेट अस्तराशिवाय शिवायचं, उलटंसुलटं घालता येईल असं. मग शिवणीही दोन्हीकडून देखण्या हव्यात. भुजोडीचा तो उघडा जोड इथे उपयोगी पडणार.

तिसऱ्या प्रहरी गावातच असलेल्या एलएलडीसी (लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर) या हस्तकलांच्या संग्रहालयात गेलो. 'श्रुजन' संस्थेचं काम. चंदाबेन श्रॉफ यांनी 1969 मध्ये दुष्काळात बायकांच्या हाताला भरतकामाचं काम दिलं, तिथून हे सगळं सुरू झालं. इथलं सूफ भरतकाम बघताना मी काचेला नाक लावून उभी होते. 1971 च्या युद्धानंतर पाकिस्तानातल्या थरपारकरमधून इकडे आलेल्या लोकांनी ते आणलं. काहीही न आखता, कापडाचे धागे मोजत, मागच्या बाजूने भरतात. पुढे त्रिकोणच त्रिकोण उमटतात. भरणारीला आपली नक्षी थेट दिसत नाही.

ढेबरिया रबाऱ्यांची गोष्ट तर प्रत्येक फॅशन महाविद्यालयात शिकवावी. लग्नाआधी मुलीने भरायचे कपडे इतके वाढले की भरता भरता वय उलटून जायचं. सासरी जाणं लांबायचं. शेवटी 1995 मध्ये जमातीच्या पंचांनी स्वतःसाठी भरतकाम करायलाच बंदी घातली. बायकांनी काय केलं? बाजारातल्या तयार लेस, फिती, चमकीच्या पट्ट्या आणून मशीनवर शिवायला घेतल्या. सुईने भरायचं नाही ना, मग नाही भरत. त्यातून 'हरी जरी' नावाची नवी तऱ्हा निघाली, आणि पाबीबेन रबारी यांनी तिच्या पिशव्या जगभर विकल्या. शुद्ध परंपरेवाले या लेसेसकडे बघून नाक मुरडतात. मला त्या फिती फार आवडल्या.

बुधवार : निरोणा, बन्नी

निरोण्यात रोगन. एरंडेल दोन दिवस उकळून त्याचा चिकट गोळा करतात, त्यात रंग मिसळतात. तळहातावर थोडा घेऊन लोखंडी काडीने त्याची तार ओढायची आणि ती तार कापडाला न टेकवता त्यावर अलगद सोडायची. अर्धी नक्षी झाली की कापड दुमडतात, उरलेली अर्धी आपोआप उमटते. अब्दुलगफूर खत्री यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि आता अंगणात पर्यटकांच्या गाड्या उभ्या असतात. भिंतीवर टांगायचे जीवनवृक्ष पुष्कळ आहेत. पूर्वी मात्र हे काम घागऱ्यांवर व्हायचं, ज्यांना भरतकाम परवडत नसे त्यांच्या लग्नाच्या घागऱ्यांवर. मला घागराच हवा होता. तो दाखवायला त्यांना पेटीच्या तळापर्यंत जावं लागलं.

याच गावात तांब्याचा मुलामा दिलेल्या घंटा बनतात. लोहार त्या ठोकून ठोकून असा सूर लावतो की गुराख्याला आपलं जनावर आवाजावरून ओळखता यावं. कापडाचा इथे संबंध नाही, पण आत्याने तीन घेतल्या.

बन्नीत मुटवा या गुरं राखणाऱ्या समाजातल्या एका कुटुंबाच्या भुंग्यात बसलो. गोल मातीचं घर, भूकंपात असे भुंगे बऱ्यापैकी टिकले. आत भिंतीवर मातीच्या नक्षीत आरसे, आणि बाईच्या छातीवर तसेच, पण मसुराएवढे. हे आरसे गुजरातमध्येच कपडवंजला बनतात. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत एवढुशी खिडकी. त्या उजेडात आरसा चमकायला फार प्रकाश लागत नाही. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हेच काम भडक दिसतं, यात काम करणारीचा काय दोष? फोटो काढायला तिने नको म्हटलं. मी फोन पर्सच्या तळाशी टाकला, मग तिने स्वतःहून मुलीची चोळी आणून दाखवली. पाठ उघडी, नाड्यांची. पुढचा अर्धा भाग भरलेला, मागे वाऱ्याला वाट.

गुरुवार : छारी ढंढ

पहाटे थंडी कडाक्याची. छारी ढंढ म्हणजे पावसाचं पाणी साठून होणारं उथळ, पसरट तळं. 2008 मध्ये ते गुजरातचं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झालं. हिवाळ्यात इथे कुंज करकोचे येतात. राखाडी अंग, काळी मान, छातीवर लोंबणारी काळी पिसं आणि डोळ्यामागून निघालेला पांढरा तुरा. कुठेही रंग नाही, तरी इतका थाट. सगळा पेहराव राखाडीत ठेवून कानाशी तेवढं पांढरं हलतं ठेवायचं. मी दूरबीण आत्याला परतच देत नव्हते.

रोहित (फ्लेमिंगो) मात्र आधी निराश करतात. पाण्यात उभे असताना मळकट पांढरे, फिकट गुलाबी, बस्स. मग त्यांनी पंख उघडले. आतून लालभडक आणि काठाला काळं. ठाण्याच्या खाडीत मी ते लांबून पाहिलेत, पण एवढ्या जवळून उडताना नाही. हे सरळ अस्तराचं गणित आहे: बाहेर काळा कपाशीचा न रंगवलेला झगा, आत मंजिष्ठाचा लाल, उभं राहिलं की काही दिसत नाही, चाललं की दिसतं.

संध्याकाळी पांढरं रण. मीठ, चंद्र, भाड्याच्या आरसेदार घागऱ्यांतली गर्दी, उंटगाड्यांच्या रांगा. झालं ते बघून. अर्ध्या तासात निघालो.

शुक्रवार : मांडवी

रुक्मावतीच्या काठी अजूनही लाकडी जहाजं बांधतात. सांगाडा उघडा असतो तेव्हा त्याखाली उभं राहून वर बघावं. पण आम्हाला मश्रू हवं होतं. उभा धागा रेशमी, आडवा सुती, आणि वीण अशी की रेशीम वर तरंगतं नि सूत अंगाकडे राहतं. कट्टर धार्मिक मुसलमानांनी रेशीम अंगाला लागू देऊ नये, या नियमातून निघालेली ही वाट. वर झळाळी, आत घाम शोषणारं सुती. आता उभा धागा बहुतेक रेयॉनचा असतो, झळाळी तशीच. मी पट्ट्यापट्ट्यांचं चार मीटर घेतलं.

शेवटचं काम केडियूचं. रबारी पुरुषांचा तो पांढरा सदरा, छातीपर्यंत घट्ट आणि खाली चुण्याचुण्यांचा घेर. बाजारात एक म्हातारे शिंपी अजून ते शिवतात. त्यांनी एक उसवून दाखवला. सगळे तुकडे सरळ: चौकोन, आयत, काखेत चौबगला, म्हणजे चौकोनी जोडतुकडा. कात्रीला वळणच नाही, त्यामुळे चिंधीही नाही. बाही घट्ट, पण चौबगल्यामुळे हात सरळ वर जातो. काठी खांद्यावर घ्या, कोकरू उचला, कुठे ओढ बसत नाही. मी माप विचारलं तर म्हणाले, "आधी घालणार कोण ते सांगा. गुरं राखणार की खुर्चीत बसणार?"

"मी घालणार," आत्या म्हणाली. "डोंगरात फिरणार, झाडांच्या बिया गोळा करणार."

ते थोडा वेळ बघत राहिले. हा मर्दाचा कपडा, असं एकदा म्हणून झालं. मग त्यांनी टेप काढली, आत्याला हात डोक्यावर न्यायला सांगितला आणि काखेपासून कमरेपर्यंत माप घेतलं. आमची गाडी रात्रीची, म्हणून शिवून झाल्यावर कुरिअरने पाठवायचं ठरलं. तीनशे रुपये आगाऊ.

"खिसा आत की बाहेर?" त्यांनी विचारलं.

"दोन्हीकडे," आत्या म्हणाली. "आणि आतल्याला गुंडी लावा. गेल्या वर्षी गुंजा सांडल्या होत्या."